मदत हवी आहे: शिक्षकांना वर्गाबाहेर काढायचं कसं? (दीड तासाचं सत्र घ्यायचंय)

नमस्कार मंडळी,

भंडारा जिल्ह्यात दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. गेल्या महिन्यात केंद्रप्रमुख साहेब अचानक शाळेला आले, तेव्हा मी पोरांना घेऊन बाजूच्या बांधीत (धानाच्या शेतात) उभा होतो. म्हटलं, आता बोलणी बसणार. झालं उलटंच. पुढच्या शिक्षण परिषदेत 'परिसरातून अध्ययन' हे सत्र माझ्याच गळ्यात पडलं. समोर चाळीसेक शिक्षक, आणि वेळ कोणती तर जेवणानंतरची.

बांधीत काय करत होतो ते सांगतो. पाचवीला क्षेत्रफळ चालू होतं. एक चौरस मीटर म्हणजे नेमकं केवढं, हे फळ्यावर कितीही चौकोन काढले तरी डोक्यात शिरत नव्हतं. म्हणून सुतळीची एक मीटर बाजूची चौकट केली, रोवणा (लावणी) झालेल्या बांधीत धुऱ्याला (बांधाला) लागून टाकली आणि आतले धानाचे चूड (एकेका जागी रोवलेले रोपांचे झुबके) मोजायला लावले. दोरी धरून २० बाय १५ सेंटिमीटरवर रोवलं असेल तर हिशेबाने ३३ यायला पाहिजेत. पोरांचे ३१ ते ३५ आले. शेजारच्या बांधीत अंदाजाने रोवलं होतं, तिथे एका कोपऱ्यात २२ तर दुसऱ्यात ४०. मग सरासरी काढावीच लागली, ती का काढायची हे मला समजावून सांगावं लागलं नाही. गणिताच्या तासाला आजवर तोंड न उघडलेली एक पोरगी म्हणाली, "गुत्त्याचा रोवणा असला का बाया लांब लांब लावते, गुरुजी." (गुत्ता म्हणजे ठेका.) हे मलाही माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी मीच अख्खी शाळा मामा (माजी मालगुजारी) तलावावर नेली होती. काम काहीच ठरवलं नव्हतं, 'निरीक्षण करा' एवढंच. तिघं चिखलात पडले, बाकीचे बदकांमागे धावले. दुसऱ्या दिवशी विचारलं काय पाहिलं, तर उत्तर, "पाणी." वरून एका पालकाने ऐकवलं, "पोट्टे शिकाले पाठोतो आमी, हिंडाले नाई." तेव्हा राग आला होता, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता.

सत्रासाठी पीपीटी तयार आहे. १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद, गांधीजींची नई तालीम (हातच्या कामातून शिक्षण), २०२० च्या धोरणातले सहावी ते आठवीचे १० दप्तराविना दिवस, आपला आनंददायी शनिवार, सगळं घातलंय. पण तिसऱ्या स्लाइडला अर्धी मंडळी मोबाईलमध्ये जाणार, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि प्रश्न काय येणार तेही पाठ आहे: अभ्यासक्रम कोण पुरा करणार, ऑनलाइन माहिती कोण भरणार, साप निघाला तर जबाबदार कोण?

तर, कुणी अशी सत्रं घेतली असतील तर सांगा. चाळीस मोठ्या माणसांना खरोखर बाहेर न्यावं का? परत आपापल्या शाळेत गेल्यावर एकदा तरी करून पाहतील, असं काय द्यावं?

प्रतिसाद १

सर, पीपीटी घरीच ठेवा. मी यवतमाळकडे दोनदा सत्र घेतलं. पहिल्यांदा तासभर बोललो, नंतर कुणीच काही केलं नाही. दुसऱ्यांदा आल्याआल्या सगळ्यांना मैदानातल्या कडुनिंबाखाली नेलं. पाच-पाच जणांचे गट, हातात काठी आणि टेप, वीस मिनिटांत झाडाची उंची सांगा, झाडावर चढायचं नाही. काठीची सावली, झाडाची सावली, त्रैराशिक. एका गटाने काठी तिरपी धरली, उत्तर भलतंच आलं, त्यावरून जी भांडणं झाली तोच खरा तास. (पावसाळ्यात ढगांचा भरवसा नाही, तुमची चौकट बरी.)

मग प्रत्येकाला कागद द्या: तुमच्या शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांत काय काय आहे? हापशी, उकिरडा, बाभूळ, पिठाची चक्की, जे असेल ते. त्यातली एक वस्तू आणि पुढच्या पंधरवड्यातला एक पाठ, यांची जोडी लावूनच माणूस उठला पाहिजे. अध्ययन निष्पत्ती (त्या पाठातून मुलांना काय यायला हवं ते) त्याच कागदावर लिहून घ्या, म्हणजे तपासणीला दाखवायचा प्रश्नही मिटतो. लांब न्यायची गोष्टच काढू नका.

प्रतिसाद २

मी चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आमच्याकडे वाघाची भीती खरी आहे, मोहफुलांच्या दिवसांत तर मोठी माणसंही एकटी रानात जात नाहीत. त्यामुळे जंगलात मुलं नेणं नाहीच, आवार आणि गावठाण एवढंच. साप-विंचवाच्या प्रश्नाला सत्रात दहा मिनिटं ठेवा, टाळू नका. आधी जागा स्वतः फिरून पाहायची, गवतात हात घालायचा नाही, आग्या मोहोळाचं झाड असेल तर तिकडे फिरकायचंच नाही. जोड्या करून द्यायच्या, शिट्टी ठरवायची, पाण्याच्या कडेला पोरं आणि पाणी यांच्यामध्ये मोठं माणूस उभं. साप चावलाच तर बांधाबांध-चिराचीर नाही, मांत्रिक नाही, १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय. आणि पालकांना आदल्या दिवशी सांगा, काय मोजणार आहोत ते. निम्मी कुरबूर तिथेच संपते.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. शंभर पावलांचा कागद पक्का. परिषद ज्या शाळेत आहे तिच्या कुंपणाला लागूनच बांधी आहे, मालकाला विचारून ठेवतो. मॅडम लोक साड्या नेसून येतील, चिखलात कोण उतरणार हा पेच आहेच, तेव्हा चौकट धुऱ्यावरूनच टाकता आली पाहिजे. आणि एक: सुतळी ओली झाली की आकसते, माझी मीटरची चौकट शेवटी मीटरची राहिलीच नव्हती. आता बांबूच्या कमच्यांची करावी म्हणतो. आठ चौकटी पुरतील का?