सिगारेट सुटली पण तलफ सुटून नाही राहिली, हे माइंडफुलनेस खरंच चालते का?

बुटीबोरी_शिफ्टवाला
आज नववा दिवस भाऊ. दिवसाला आठ-दहा व्हायच्या, एकदमच बंद केल्या. पहिले तीन दिवस तर बायको बोलायला पण घाबरे, आता बाकी वेळ ठीक असते पण सकाळी चौकात तर्री-पोहा खाल्ला की हात आपोआप खिशाकडे जाते, अन बाजूलाच पानठेला. सगळे म्हणतात माइंडफुलनेस कर, म्हणजे जे होऊन राहिलं ते फक्त बघ, श्वासावर लक्ष दे. दिलं, तर तलफ आणखीच आठवते! काही चुकून राहिलं का माझं?

जुनी_शुक्रवारी
तुम्ही श्वासानं तलफ हाकलून राहिले, ती अशी जात नाही. ती अंगात नेमकी कुठं आहे ते बघा. माझी घशात अन जबड्यात असायची, बोटांत पण. फक्त बघायचं, भांडायचं नाही. अ‍ॅलन मार्लाट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ याला लाट म्हणायचे, चढते, माथ्यावर येते, उतरते. आपल्याकडे समुद्र कुठून आणता, मी आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो डोक्यात ठेवायचो 😄 मोबाईलवर टायमर लावा, बहुतेक वेळा काही मिनिटांतच उतरते.

संत्रा_बर्फी
दादा, मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, तिथे नाकावर खाज सुटली तरी हात न हलवता बसायचं असतं आणि ती खाज आपोआप जाते हे एकदा स्वतः पाहिलं की तलफेची भीती अर्धी होते. पण म्हणून ठेल्यासमोर उभं राहून ध्यान करायची हौस नको, पोहे घरी न्या! आणि चहा कमी करा. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जातं, सोडल्यावर तोच चहा जास्त चढतो, मग धडधड होते आणि माणसाला वाटतं तलफच आली.

खर्रामुक्त
एकच सांगतो, सिगारेटच्या जागी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, धरू नका. मी धरला होता, चार वर्षं गेली, तोंड उघडेना. नुसतं ध्यान पुरत नसेल तर डॉक्टरला निकोटिन गमचं विचारा, त्यात लाज कसली. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोन हेल्पलाइन, क्विटलाइन, पण आहे, १८००-११-२३५६, फुकट.

बुटीबोरी_शिफ्टवाला
आज तर्री डब्यात घरी आणली. तलफ आली, डावा जबडा अन दोन बोटं, टायमरवर चार मिनिटं वीस सेकंद. दुपारी परत आली तेव्हा टायमर लावायचंच विसरलो. अन ठेलेवाला फोन करून विचारून राहिला, भाऊ तब्येत बरी आहे ना?