शल्यपर्वातली फुलं

'पांडव सत्याचे, कौरव असत्याचे' ही महाभारताची नेहमी केली जाणारी सरळ वाटणी मला अजिबात पटत नाही. शल्यपर्व उघडून बघा. गदायुद्धात नाभीखाली वार करायचा नाही, हा नियम. भीम दुर्योधनाच्या मांड्याच फोडतो. बलराम नांगर उगारून भीमावर धावतो, कृष्ण त्याला दोन्ही हातांनी कवटाळून थोपवतो. आणि आकाशातून फुलं पडतात ती दुर्योधनावर! पांडव लाजतात. द्रोणपर्वातही तेच. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर असायचा. 'अश्वत्थामा मेला' म्हटल्यावर त्याचे घोडे मातीला लागले. मालिका-नाटकांत ही फुलं गाळली की दुर्योधन नुसता मिशा पिळणारा खलनायक उरतो.