‘मिटिगेशन’ला मराठीत काय म्हणावं? ओढे, पाणथळी आणि भरावाची परवानगी

विचारणा

अमेरिकेत जमीन घेऊन घर बांधणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. आवारातला ओढा वळवायचा किंवा पाणथळ जागेत भराव टाकायचा तर १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याचं कलम ४०४ लागू होतं आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (अमेरिकी लष्कराचं अभियंता दल, पुढे नुसतं ‘कोअर’) परवानगी लागते, असा विषय आहे. ‘फिल’ला भराव आणि ‘ड्रेज्ड मटेरियल’ला उपसलेला गाळ हे शब्द आयतेच मिळाले. पण ‘मिटिगेशन’पाशी, म्हणजे कामामुळे ओढ्याला-पाणथळीला होणारी हानी टाळणं, कमी करणं किंवा भरून देणं या अटीपाशी, गाडी अडली आहे. कोशात शमन, उपशमन, सौम्यीकरण असे पर्याय दिसतात. कुठला घेऊ?

प्रतिसाद

शमन नको. आपल्याकडे ‘प्रशमन शुल्क’ म्हणजे अनधिकृत बांधकाम पैसे भरून नियमित करून घेणं. वाचणारा म्हणेल, आधी बुजवा, मग दंड भरून मोकळे व्हा! म्हणजे कायद्याच्या बरोब्बर उलट. सौम्यीकरण ‘आपत्ती सौम्यीकरण’मध्ये रुळलंय खरं, पण तिथे पूर आणि भूकंप सौम्य करायचे असतात. ओढा काय सौम्य करणार?

प्रतिसाद

याच क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका शब्दात बसवायला जाल तर फसाल, कारण मिटिगेशन ही तीन पायऱ्यांची गोष्ट आहे आणि पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. कोअर आणि पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) यांच्या १९९०च्या सामंजस्य करारात तो क्रम लिहिलेला आहे: आधी बाधा टाळा, टळत नसेल तेवढी कमी करा, त्यातूनही उरेल तिची भरपाई करा. थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारता येत नाही.

उदाहरण घ्या. घरापर्यंतचा रस्ता ओढा ओलांडून न्यायचा आहे. पहिला प्रश्न असा की ओढा न ओलांडता दुसरीकडून जाता येतं का? येत नसेल तर पात्र जिथे अरुंद आहे आणि काठाला पाणथळ नाही, तिथून न्या. मग रस्त्याची रुंदी कमी करा, पाइप मोरीऐवजी छोटा पूल घाला. मोरीच घालायची असेल तर तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली गाडा, म्हणजे आत वाळू-गोटे बसतात आणि मासे वर चढू शकतात. एवढं करून जो तुकडा भरावाखाली जाणारच, त्यापुरती भरपाई.

म्हणून मी सुचवेन: बाधा टाळणं, बाधा कमी करणं, बाधेची भरपाई. ‘बाधित क्षेत्र’ सरकारी मराठीत आहेच, तेव्हा बाधा कुणाला परकी वाटणार नाही. तिन्हींना मिळून एक शब्द हवाच असेल तर सरळ ‘मिटिगेशन’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड करून सांगा.

प्रतिसाद

तीन पायऱ्या पटल्या, पण ‘भरपाई’ला माझी हरकत आहे. मराठी माणसाला भरपाई *मिळते*. जमीन गेली, पीक गेलं, की भरपाई. माहितीपत्रक वाचून एखादा चेक कधी येतोय म्हणून वाट बघत बसेल. इथे तर द्यायची आहे, आणि तीही माणसाला नाही, ओढ्याला! ‘प्रतिपूर्ती’ म्हणाल तर ती वैद्यकीय बिलांनी कधीच पळवली. त्यापेक्षा वनखात्याचा नमुना घ्या ना. जंगल तोडलं की ‘पर्यायी वनीकरण’ करावं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. तसं ‘पर्यायी पाणथळ निर्मिती’.

प्रतिसाद

‘पर्यायी’ छान आहे, ‘निर्मिती’ मात्र अडचणीची. कोअर आणि ईपीएच्या २००८च्या भरपाईविषयक नियमात भरपाईच्या चार रीती आहेत: बिघडलेली पाणथळ पूर्ववत करणं, नव्याने तयार करणं, असलेलीच सुधारणं आणि चांगली आहे ती कायमची राखून ठेवणं. शेवटच्या दोन्हींत क्षेत्र एका गुंठ्यानेही वाढत नाही. निर्मिती ही चारांतली एकच, आणि बेभरवशाची, कारण पाणी जिथे मुळात टिकत नाही तिथे टिकवावं लागतं. म्हणून पूर्ववत करण्याचा विचार सगळ्यांत आधी होतो. ‘पर्यायी पाणथळ’ एवढंच म्हणा, आणि क्रियापद ‘करून द्यावी लागते’ असं ठेवा. कोणी कुणाला द्यायचं ते क्रियापदच सांगेल.

जाता जाता: ‘ओढ्याचं पुनरुज्जीवन’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेकदा पोकलेन लावून खोलीकरण, रुंदीकरण, सरळीकरण असा होतो. तिकडे भरपाई म्हणून ओढा सुधारायचा तर सरळ केलेल्या पात्राला पुन्हा वळणं देतात आणि पूर काठाबाहेर पसरू शकेल असं बघतात. आपण ज्याला पुनरुज्जीवन म्हणतो त्यालाच तिथे परवानगी मागावी लागेल, असंही होऊ शकतं.

मूळ विचारणारा

वा, ‘करून द्यावी लागते’ घेतलं. मिटिगेशन बँकेचं काय करू?

प्रतिसाद

बँक बँकच राहू द्या. कुणीतरी आधीच मोठी पाणथळ पूर्ववत करून ठेवतो, तिच्या बदल्यात त्याला क्रेडिट (भरपाई मोजायची एककं) मंजूर होतात, आणि भराव टाकणारा ती विकत घेतो. क्रेडिट एकदम हातात पडत नाहीत; काम ठरल्याप्रमाणे साधत जाईल तशी टप्प्याटप्प्याने सुटतात. २००८च्या नियमात पहिली पसंती बँकेला, मग ‘ऐवजी शुल्क’ (इन-ल्यू फी; पैसे भरायचे, काम योजना चालवणारी संस्था करते) योजनेला, आणि शेवटी ज्याने भराव टाकला त्याने स्वतः करून देण्याला. स्वतः केलं तर किमान ५ वर्षं देखरेख ठेवावी लागते, हे वाक्य ठळक छापा.

प्रतिसाद

परमिटबद्दल कुणीच बोललं नाही. ‘परवाना’ नको. परवाना दुकानाचा, वाहन चालवण्याचा; तो धंद्याला किंवा माणसाला मिळतो. ही एका जागेवरच्या एका कामापुरती, अटींसह दिलेली ‘परवानगी’. आणि ‘इंडिव्हिज्युअल परमिट’चं ‘वैयक्तिक परवाना’ तर मुळीच करू नका, ते एखाद्याच्या नावावरचं कार्ड वाटतं. ‘स्वतंत्र परवानगी’ म्हणा. समोरच्या ‘नेशनवाइड परमिट’ला ‘देशव्यापी सर्वसाधारण परवानगी’ म्हणता येईल. ती किरकोळ बाधेच्या ठरावीक प्रकारच्या कामांना आधीच दिलेली असते, जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी.

प्रतिसाद

‘पाणथळ’ शब्द योग्यच, पण एक ओळ जोडा. पाणथळ म्हटलं की लोक पाणी शोधतात. सीमांकन करणारा मात्र तीन गोष्टी बघतो: झाडोरा, माती आणि पाण्याच्या खुणा. गिरमिटाने काढलेली माती राखी निघाली आणि तिच्यात तांबूस ठिपके दिसले, तर वर कोरडं ठणठणीत असलं तरी जागा पाणथळ ठरू शकते. अशा जमिनीला कालव्याखालचा शेतकरी ‘चिबड’ म्हणेल. अर्थाने फार जवळचा शब्द आहे, पण चिबड म्हणजे बिघडलेली जमीन. इथे ती बिघडलेली नाही, म्हणून कंसातसुद्धा नको.

प्रतिसाद

राहिला ओढा. बारमाही आणि हंगामी हे शब्द तयार आहेत. तिसरा प्रकार, पाऊस पडत असताना आणि त्यानंतर थोडाच वेळ वाहणारा, त्याला ‘पावसाळी’ म्हणू नका, तो हंगामीच वाटेल. ‘सरीपुरता ओढा’ कसा वाटतो? हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सॅकेट खटल्यातल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर केंद्राची अखत्यार बऱ्यापैकी कायम वाहणाऱ्या पाण्यापुरती आणि त्याला पृष्ठभागावर सलग जोडलेल्या पाणथळींपुरती राहिली. सरीपुरता ओढा त्यात सहसा येत नाही. राज्याचा कायदा मात्र वेगळा असू शकतो. शंका असेल तर भराव टाकण्याआधी कोअरकडे लेखी निर्णय मागता येतो. त्याला ‘अखत्यारनिश्चिती’ म्हटलं तर चालेल.