आईचा फोन दुरुस्तीला द्यायचाय, आतल्या आधारचं काय?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आईच्या सॅमसंगची काच फुटलीय. रावपुऱ्यातला दुकानदार म्हणतो, पासवर्ड लिहून द्या, संध्याकाळी घेऊन जा. गॅलरीत तिच्या आधारचे, पेन्शनच्या पासबुकाचे फोटो आहेत. मागे एकदा फोन दुरुस्तीहून आला आणि कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले. ती अजूनही अनोळखी नंबर उचलायला घाबरते. काय करू?

उत्तर १: पासवर्ड अजिबात देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच नव्या फोनांत सेटिंग्जमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो. तो सुरू केला की फोटो, मेसेज, ॲप्स झाकली जातात, पण काच, टच तपासता येतात. मोड नसेल तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाका. सिम मात्र आधी काढा, ओटीपी त्यावरच येतात!

उत्तर २: आधारचे फोटो गॅलरीतून आजच काढा. मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉकही करा. शिवाय दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आईच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. माझ्या सासऱ्यांच्या नावावर एक भलतंच निघालं होतं.

प्रश्नकर्ती: मोड सापडला! सिम काढून माझ्या पर्समध्ये ठेवलंय. उद्या दुकानात आईला घेऊनच जाते, काम समोर बसून करून घेऊ.