म्हैस विहिरीत पडून… (शब्दचर्चा: 'पडून'वर मथळा संपतो का?)

चाटीगल्ली: मंडळी, घरात पैज लागलीय, निकाल द्या. माळ्यावरची आईची ट्रंक उघडली. तळाला अंथरलेला पेपर निघाला, १२ जुलै १९७९, गुरुवार. पहिलं पान म्हणजे नुसती पडापड. वर आठ कॉलमी 'स्कायलॅब कोसळली', म्हणजे अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा. खाली 'जनता सरकार पडणार?', 'पाऊस पडेना, पेरण्या खोळंबल्या', चौकटीत 'सूत गोदामात पडून'. आणि तळाच्या कोपऱ्यात 'म्हैस विहिरीत पडून'. त्यापुढचं ट्रंकेच्या गंजानं खाल्लंय.

मुलगी बेंगळुरूला असते. तिला हे पान इंग्रजीत करून मैत्रिणींना दाखवायचंय. तिनं गोदामातलं सूत धाडकन कोसळवलं. मी म्हटलं, अगं, उठाव नाही, धूळ खात आहे असा अर्थ. तर म्हणते, मग म्हैसही विहिरीत धूळ खात होती का? धाकटा म्हणतो पुढं 'ठार' असणार, मथळा तुटलाय. मी म्हणतो मथळा पुरा आहे.

मास्तरीणबाई: सुताचा पुरा, म्हशीचा अपुरा. 'ऊन' लागलं की मागून दुसरी क्रिया यावी लागते: जेवून गेला, पडून मेली. सुताच्या मथळ्यात ती आहे, फक्त 'आहे' गिळलंय. 'पडला आहे' म्हटलं की आपण उचलायला धावतो, 'पडून आहे' म्हटलं की डब्यात पेज घेऊन जातो. म्हशीला 'पडून आहे' लावायचं तर ती चार दिवस विहिरीत हवी आणि गावानं तिचा नाद सोडलेला हवा.

जुना खिळेवाला: मी तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायचो (तुमचा पेपर नव्हे). व्याकरण राहू द्या, बाई. एका कॉलमात मोठा टाइप घेतला की मोजून सात-आठ अक्षरं बसायची. 'आहे' सगळ्यात आधी उडायचं. आणि मोठ्या टाइपाचे खिळे थोडके. पडणार, पडेना, पडून, पडून, इथंच खिळ्यांच्या घरातले (खणातले) 'ड' संपले. म्हणून स्कायलॅब पडली नाही, कोसळली!

चाटीगल्ली: काका, आठ कॉलमी मथळ्याचा टाइप वेगळा असणार ना? त्याचे 'ड' कसे संपतील?

जुना खिळेवाला: एवढं कळतंय तर म्हशीचंही तुम्हीच ठरवा.

शुद्धमराठी_पुणे: मूळ खटकणारी गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाहीये. 'स्कायलॅब' कशासाठी? 'आकाश-प्रयोगशाळा' काय वाईट होतं?

मिलची चिमणी: साहेब, ७७ टनांचं धूड डोक्यावर येऊलालतं, तुमचा शब्द उच्चारेपर्यंत येऊन पडलं असतं. आमच्या गल्लीत 'तो स्कायलॅब' होता. 'ती' फक्त पेपरात. आजी तर 'ते' म्हणायची, 'ते पडलं का रे?' आम्ही पोरं मिलच्या चिमणीकडं बघत बसायचो, गावात सगळ्यात उंच तीच, पडला तर तिच्यावरच पडणार. महिनाभर आजीनं कुणाला माळवदावर झोपू दिलं नाही. शेवटी पडला कुठं, तर ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास. तिथल्यांनी कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलर दंड लावला.

शुद्धमराठी_पुणे: यान नपुंसकलिंगी, प्रयोगशाळा स्त्रीलिंगी. 'तो' कुठून आला?

मिलची चिमणी: आभाळातनं. काय बोलूलालाव बे!

साखरपेठी: भांडण थांबवा, आमच्या घरातलं ऐका. आमच्याकडं तेलुगू. 'पडु' म्हणजे पडणे आणि 'पडुको' म्हणजे आडवा हो, झोप. विणकराचा माल उठला नाही की वडील म्हणायचे 'पडि उंदि'. अक्षरशः 'पडून आहे'. आता हिंदीत बघा, 'पड़ा है' म्हणतात, 'पड़कर है' म्हणत नाहीत. म्हणजे मराठीनं ही बांधणी आमच्याकडून उचललीय. मला तर वाटतं 'पडणे'च तेलुगू आहे.

मास्तरीणबाई: धातू 'पत्', प्राकृतात 'पडइ', त्यावरून 'पडणे'. शब्द तुम्हाला देणार नाही. बांधणीचं मात्र विचार करण्याजोगं आहे.

होटगीरोड: कन्नडातही तेच, 'बिद्दिदे'. पडलंय म्हणा की पडून आहे म्हणा, शब्द एकच. आणि आमचा रिक्षावाला 'पड्या है' म्हणतो. सोलापुरात चार भाषांत माल पडून असतो, विकत एकाही भाषेत नाही.

मिलची चिमणी: मग 'पडसं' पण त्यातलंच. सर्दीनं माणूस आडवा पडतो म्हणून पडसं.

मास्तरीणबाई: 'प्रतिश्याय'वरून आलंय ते.

साखरपेठी: तेलुगूत 'पडिशम्'. बघा, सर्दीसुद्धा एकच!

मिलची चिमणी: आणि 'पडदा'? पडतो म्हणून पडदा.

मास्तरीणबाई: फारसी 'पर्दा'. आता पडवळावर येऊ नका.

शुद्धमराठी_पुणे: 'सरकार पडणार?' हेही सैलच. यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला ११ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला १५ तारखेला, मतदान व्हायच्या आतच. मतदानात हरतं ते पडतं. हे 'गेलं' म्हणायला हवं.

होटगीरोड: सर, भिंत पडायला मतदान लागतं का?

शुद्धमराठी_पुणे: आणि मुळात पडलं की पाडलं? 'पडलं' म्हटलं की पाडणारे नामानिराळे राहतात. मराठी पत्रकारितेची ही जुनी खोड आहे.

जुना खिळेवाला: 'पाडले'ला काना जास्त लागतो.

चाटीगल्ली: अहो, माझी म्हैस! पोरगी थांबलीय.

होटगीरोड: 'ठार' लिहू दे. तशी बातमीच नेहमी येते.

साखरपेठी: नको, जिवंत ठेवा. 'विहिरीत पडूनही सुखरूप' असणार, म्हणून तर पहिल्या पानावर आली. मेलेली म्हैस पान तीनवर जाते.

जुना खिळेवाला: हे मात्र खरं.

चाटीगल्ली: शेवटी आईला पान दाखवलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, "म्हशीचं मला काय ठाऊक? त्या ट्रंकेत माझं इरकली लुगडं होतं, ते कुठं पडलंय?"

मिलची चिमणी: मास्तरीणबाई, 'पडलंय' म्हणाल्या हो! आता लुगडं उचलायला धावायचं की पेज न्यायची?