इको गाडीत कुत्र्याचा पिंजरा पक्का कसा बसवावा?

प्रश्न : शिवारवाट (कळंब, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावरान कुत्र्याच्या मागच्या पायाचे हाड मोडले असून शस्त्रक्रियेसाठी आणि पुढच्या तपासण्यांसाठी त्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यावे लागणार आहे. वजन चोवीस किलो आहे आणि स्वभाव शांत आहे, पण गाडीत तो बावरतो. आमच्याकडे पाच आसनी, पेट्रोलवर चालणारी इको आहे. मागच्या सीटमागे बरीच मोकळी जागा असल्याने तिथे जाळीचा, घडी होणारा पिंजरा ठेवावा असा विचार आहे. देवळी, वर्धा, बुटीबोरी असा रस्ता आहे आणि दिवस एप्रिल-मेचे आहेत. पिंजरा घसरू नये म्हणून खाली सतरंजी आणि बाजूने धान्याचे कट्टे लावले तर पुरेल का? गाडीच्या तळाला छिद्रे पाडून तो बोल्टने आवळावा, असे गावातील वेल्डरचे म्हणणे आहे.

उत्तर : चाकेआणिसांधे

कट्टे लावू नयेत. जोराचा ब्रेक लागला की तेच कट्टे पिंजऱ्यावर येऊन आदळतील, आणि सतरंजी तर पत्र्यावरून पिंजऱ्यासह घसरते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे गावातल्या रस्त्यावर जागचा न हललेला पिंजरा महामार्गावरही तसाच राहील असे धरून चालता येत नाही.

पिंजरा मागच्या सीटच्या पाठीला अगदी भिडवून ठेवावा, म्हणजे त्याला पुढे सरकायला अंतरच उरत नाही. खाली जाड रबरी मॅट अंथरावी. त्यानंतर टेम्पोवाले माल आवळायला जे खटक्याचे रॅचेट पट्टे वापरतात, तसे दोन पट्टे घेऊन सीटचे लोखंडी पाय जिथे बोल्टने तळाला धरलेले असतात तिथून ते ओवावेत आणि पिंजऱ्याच्या खालच्या चौकटीवरून घट्ट ओढावेत. केवळ वरच्या जाळीवरून पट्टा ओढल्यास पिंजरा चेपतो आणि त्याचे दारही नीट बसत नाही. मोटारसायकलवर सामान बांधायचे लवचिक रबरी दोर या कामाचे नाहीत, कारण नेमक्या झटक्याच्या क्षणी ते ताणले जातात. आवळून झाल्यावर दोन्ही हातांनी पिंजरा जोरात हलवून पाहावा. पिंजऱ्याबरोबर गाडीही डोलली पाहिजे.

तळाला छिद्र पाडण्याविषयी माझे उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असेच आहे. गाडीच्या पोटाखाली पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात, ब्रेकच्या नळ्याही तिथूनच जातात. वेल्डरला त्या वरून दिसत नाहीत. शिवाय उघड्या पडलेल्या पत्र्याला पावसाळ्यात गंज धरतो.

आणखी एक सांगायला हवे. घडीचा जाळीचा पिंजरा कुत्र्याला एका जागी ठेवतो आणि चालकाच्या अंगावर येऊ देत नाही, पण मोठ्या अपघातात त्याची जाळी वाकते आणि सांधे सुटतात. वेल्डरकडून काम करून घ्यायचेच असेल तर लोखंडी अँगलची चौकट करून घ्यावी. तिला आतून कुठेही टोक राहू देऊ नये आणि पट्टे अडकवण्यासाठी खालच्या चारही कोपऱ्यांवर कड्या जोडून घ्याव्यात.

उत्तर : गोठ्याकडची_ताई

दादा, मापाचेही पाहा. कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता यावे एवढीच जागा असावी. ऐसपैस पिंजऱ्यात तो प्रत्येक वळणावर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर फेकला जाईल, आणि शस्त्रक्रियेनंतर तर ते मुळीच परवडणारे नाही. परतीच्या प्रवासाआधी टाके घातलेली बाजू वर ठेवायची की खाली, हे डॉक्टरांकडून विचारून घ्या.

मला खरी काळजी उन्हाची वाटते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते राखण्यासाठी त्याचा मुख्य आधार धापा टाकणे हाच असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इकोचा एसी समोरच्या बाजूला असल्याने मागच्या जागेत गारवा फारसा पोहोचत नाही. त्यासाठी पिंजऱ्याजवळ एक साधा तापमापक टांगावा आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा जाळीला बाहेरून लावावा. आपल्याकडची सवय म्हणून पिंजऱ्यावर ओले बारदान टाकण्याचा मोह होतो, पण काचा बंद असलेल्या गाडीत त्याने दमटपणा वाढतो आणि धापा टाकूनही कुत्र्याचे अंग गार होत नाही. हवा अडेल असे काहीही पिंजऱ्याभोवती गुंडाळू नका. ऊन ज्या काचेतून येते, त्या काचेवर तेवढा पडदा लावा. चहासाठी थांबल्यावर त्याला बंद गाडीत ठेवून पाच मिनिटेही जाऊ नका. सावलीत उभ्या केलेल्या गाडीचाही भरवसा नाही.

शक्यतो पहाटे चारच्या सुमारास निघा. उन्हे तापण्याआधी दवाखान्यात पोहोचता येते आणि रांगेतही क्रमांक लवकर लागतो.

प्रश्नकर्ता : शिवारवाट

दोघांचेही आभार. छिद्रांचा बेत सोडला आहे. बावरू नये म्हणून झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर : गोठ्याकडची_ताई

स्वतःच्या मनाने देऊ नये. गुंगीत कुत्र्याला शरीराचे तापमान नीट सांभाळता येत नाही, तोलही जातो, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलीचे औषध द्यायचे असल्याने आधी काय दिले होते याचा डॉक्टरांना फरक पडतो. जाताना उपाशी किती वेळ ठेवायचे आणि पाणी कधी बंद करायचे, हेही त्यांनाच फोनवर विचारा.

गोळीपेक्षा सवय बरी. आजपासूनच पिंजरा ओसरीवर मांडा, दार उघडे ठेवा आणि भाकरी आतच द्या. तो आपणहून आत जाऊन निजू लागला की पिंजरा गाडीत चढवा आणि इंजिन नुसते सुरू करून त्याला थोडा वेळ तिथे बसू द्या.

उत्तर : चाकेआणिसांधे

पिंजऱ्यात ठेवताना गळ्यातील साखळी काढून टाकावी, कारण ती जाळीत अडकून फास बसू शकतो. दोरी मात्र दाराशीच हाताला येईल अशी ठेवावी. वाटेत थांबल्यास गाडीचे मागचे दार उघडण्यापूर्वी पिंजऱ्याची कडी लागलेली आहे ना ते बघावे आणि गळ्यात दोरी चढवल्याशिवाय पिंजरा उघडू नये. बुटीबोरीच्या पुढे ट्रकांची वर्दळ फार असते, तिथे शक्यतो थांबूच नका. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गतिरोधकांच्या धक्क्यांनी पट्टे सैल पडतात, तेव्हा देवळीच्या अलीकडे एकदा उतरून ते पुन्हा आवळून घ्या.