हिरवे पडलेले तरणतलावाचे पाणी आणि ब्लीचचा हिशोब

विषय: घरच्या तरणतलावातील शेवाळ जात नाही

सप्रेम नमस्कार,

परसातील तरणतलावाच्या बाबतीत थोडे मार्गदर्शन हवे आहे. गेली तीन वर्षे आम्ही तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या ठेवत आलो आणि पाणी बहुतेक काळ निर्मळ राहिले. यंदा मात्र उन्हाळा लागताच पाण्याला हिरवट झाक आली आणि दोन आठवड्यांत तळ दिसेनासा झाला. पायऱ्यांवरून हात फिरवला तर बुळबुळीत लागते.

दर शनिवारी सकाळी मी ६ टक्के तीव्रतेचे, कपडे धुण्याचे ब्लीच ४ लिटर ओततो. दुपारी पाणी जरा उजळल्यासारखे वाटते, पण संध्याकाळी तपासावे तर क्लोरीन जवळजवळ शून्य, आणि सोमवारी पाणी पुन्हा पहिल्यासारखे हिरवे. ओतलेले क्लोरीन जाते कुठे? ब्लीच कमी पडते आहे, की मुळात हा उपायच चुकीचा आहे? तलाव ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद असून खोली १ मीटरपासून उताराने २ मीटरपर्यंत जाते. फिल्टर वाळूचा आहे.

आपला,
एक सभासद

---

उत्तर: घरच्या तरणतलावातील शेवाळ जात नाही

सप्रेम नमस्कार,

उपाय योग्य आहे, हिशोब चुकतो आहे. तरणतलावासाठी म्हणून विकले जाणारे द्रव क्लोरीन आणि घरातील साधे ब्लीच ही दोन्ही सोडियम हायपोक्लोराइटचीच द्रावणे असतात, फरक तीव्रतेचा. मात्र सुगंधी, घट्ट केलेले किंवा साबण मिसळलेले ब्लीच घेऊ नये, नाहीतर तलावभर फेस होईल. डबा जुना किंवा उन्हात राहिलेला असेल, तर लेबलवर लिहिलेली तीव्रताही आत उरलेली नसते.

आता आकडे पाहू. आपल्या तलावाची सरासरी खोली दीड मीटर धरली, तर त्यात सुमारे ४८,००० लिटर पाणी आहे. एवढ्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण १ पीपीएमने (म्हणजे दहा लाख भागांत एका भागाने) वाढवायला ४८ ग्रॅम क्लोरीन लागते. आपले ४ लिटर ब्लीच साधारण २४० ग्रॅम क्लोरीन देते, म्हणजे जेमतेम ५ पीपीएम. स्वच्छ पाणी राखायला ते चालेल; हिरव्या पाण्यात मात्र ते सगळे काही तासांत शेवाळावरच खर्च होते. उरलेसुरले क्लोरीन ऊन खाते, आणि जगलेले शेवाळ पुढचे सहा दिवस निवांत वाढते. शेवाळ मारायचे तर क्लोरीनची पातळी उंच नेऊन ती खाली येऊच द्यायची नाही, हा खरा मुद्दा आहे. एकदम ओतून आठवडाभर विसरण्यापेक्षा दिवसातून तीनचार वेळा तपासून, जेवढे घटले तेवढे पुन्हा घालणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते.

पातळी किती उंच न्यावी, हे पाण्यातील सायन्युरिक ॲसिडवर, म्हणजे ज्याला आपण स्टॅबिलायझर म्हणतो त्यावर ठरते, आणि आपल्या दुखण्याचे मूळ मला तिथेच दिसते. स्टॅबिलायझर क्लोरीनला उन्हापासून वाचवते. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात तासाभराच्या आत निम्मे क्लोरीन नाहीसे होते. पण तेच क्लोरीनला धरूनही ठेवते, त्यामुळे स्टॅबिलायझर जितके जास्त, तितके क्लोरीन मंद. आपण वापरता त्या प्रकारच्या बहुतेक गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात आणि प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर त्या सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात सोडतात. क्लोरीन खर्च होते. स्टॅबिलायझर जवळजवळ तसेच साचत राहते. तीन उन्हाळे गोळ्या वापरल्यावर आकडा कुठे गेला असेल याची कल्पना करा. ब्लीचमध्ये हा दोष नाही. त्याने पाण्यात थोडे मीठ वाढते, इतकेच.

म्हणून ब्लीचचा पुढचा डबा उघडण्यापूर्वी स्टॅबिलायझर मोजावे. नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत गढूळ द्रावण ओतत जायची जी चाचणी असते, ती पुरेशी आहे. अनुभवातून ठरलेला ढोबळ नियम असा, की शेवाळ मारताना मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून घाण-घामाशी संयोग न झालेले क्लोरीन, स्टॅबिलायझरच्या ४० टक्के असावे: स्टॅबिलायझर ३० असेल तर क्लोरीन १२, ४० असेल तर १६. स्टॅबिलायझर ८०-९० निघाले, तर ब्लीच ओतत बसण्यापेक्षा निम्म्याहून अधिक पाणी बदलणे शहाणपणाचे. मात्र तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतले पाणी वर असेल तर रिकामी टाकी उचलली जाते किंवा तडकते.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आधी ७.२ च्या आसपास आणावा, कारण सामू ८ कडे गेला की क्लोरीनचा खरा मारक भाग बराच कमी होतो. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेल्यावर सामूची चाचणी भरवशाची राहत नाही, म्हणून हे काम अगोदरच उरकायचे. सामू उतरवण्यासाठी आम्ल घातले, तर पंप चालू ठेवून किमान अर्धा तास जाऊ द्यावा. आम्ल आणि ब्लीच एकमेकांना डब्यात, बादलीत किंवा मापात कुठेही भेटता कामा नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गोळ्यांचा चुरा आणि इतर प्रकारची क्लोरीन पावडर एकत्र करणेही तितकेच घातक, कारण त्यांचा स्फोट होऊ शकतो. हातमोजे व चष्मा घालून, वारा पाठीशी घेऊन, पाणी परत येते त्या तोंडासमोर ब्लीच बारीक धारेने सोडावे, आणि तेही शक्यतो सूर्यास्तानंतर.

बाकी कष्टाचे काम घासण्याचे. रोज भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू घासा. बुळबुळीत थराच्या आत क्लोरीन शिरत नाही. पंप अहोरात्र चालू ठेवा आणि फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा चौथ्या हिश्श्याने वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुवा. हिरवे पाणी आधी राखाडी, मग दुधाळ होईल. राखाडी रंग दिसला की घाबरू नका, ते मेलेले शेवाळ आहे.

आपला,
दुसरा सभासद

---

उत्तर: घरच्या तरणतलावातील शेवाळ जात नाही

नमस्कार,

एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटते. आम्ही तांबेयुक्त शेवाळनाशक एकदा घातले आणि तीन दिवसांत पाणी निळे झाले. फक्त मुलीचे केस जरा हिरवट दिसू लागले, तो अर्थात क्लोरीनचाच परिणाम असावा.

आपली,
तिसरी सभासद

---

उत्तर: घरच्या तरणतलावातील शेवाळ जात नाही

सप्रेम नमस्कार,

केस हिरवे झाले ते तांब्यामुळे. क्लोरीनवर त्याचा आळ उगाच येतो. तांबे पाण्यातून आपोआप जात नाही, दर वेळी साचत जाते आणि पुढे भिंतींवर डाग धरते. शेवाळ होऊ नये म्हणून त्याचा काही उपयोग असेलही, पण क्लोरीनची कमतरता तशीच राहते, आणि न्हाणाऱ्यांसोबत येणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त तांबे त्या वेगाने करत नाही. तलावाला येणारा उग्र वासही असाच गैरसमजाचा विषय आहे. तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसून, घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो; बहुधा त्या पाण्याला आणखी क्लोरीनच हवे असते.

आपला,
दुसरा सभासद

---

उत्तर: घरच्या तरणतलावातील शेवाळ जात नाही

सप्रेम नमस्कार,

स्टॅबिलायझर ९० निघाले. म्हणजे मला ३६ पीपीएम क्लोरीन हवे होते आणि मी ५ वर समाधान मानत होतो! स्थानिक नियम पाहून निम्म्याहून थोडे अधिक पाणी काढले, नवे भरले, आणि आकडा ४० वर आला. मग १० टक्के तीव्रतेचे ब्लीच आणून पहिल्या संध्याकाळी पावणेआठ लिटर घातले. तीन तासांत १६ चे ६ झाले, तेव्हा पुन्हा ५ लिटर. रंगाच्या साध्या चाचणीने सुरुवातीला फसवले. क्लोरीन इतके होते की रंगच उडाला आणि मला वाटले शून्य आहे. थेंब मोजायची चाचणी आणल्यावर घोटाळा मिटला.

चौथ्या दिवशी पाणी राखाडी झाले, सातव्या दिवशी तळ दिसला. तरीही ऊन नसताना रात्रभरात ३ पीपीएम घटत होते, ते का, हे कळेना. शेवटी पाण्याखालच्या दिव्याची चौकट सोडवली, तर मागच्या खोबणीत हिरवा लगदा बसलेला! तो घासून काढल्यावर सूर्यास्तानंतर १६ असलेला आकडा सूर्योदयापूर्वी साडेपंधरा आला. घाम-मूत्राशी संयोग झालेले, म्हणजे संयुक्त क्लोरीनही अर्ध्या पीपीएमच्या आत आहे. आता ब्लीच घालणे थांबवले असून आकडा ५-६ वर उतरेपर्यंत मुलांना काठावरच बसवले आहे. गोळ्यांचा डबा पाण्याबाहेर काढून ठेवला आहे. यापुढे रोज संध्याकाळी मोजून ब्लीच घालीन.

आपला,
एक सभासद